आयटीआय, स्किल कोर्स आणि आपली दिव्यांग मुलं: कोकणातले पालक सारखे विचारतात ते प्रश्न

मी विशेष शिक्षिका आहे, रत्नागिरी जिल्ह्यात काम करते, पण खालचं बहुतेक सगळं रायगड आणि सिंधुदुर्गवाल्यांनाही तसंच्या तसं लागू आहे. दहावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. क्रमाने वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, फक्त "वाजवी सोय" मागायच्या अर्जाचा जो भाग आहे तो मात्र सगळ्यांनी वाचा.

शाळेत विशेष शिक्षक यायचे, आयटीआयमध्ये कोण येणार?

खरं सांगू? कोणी नाही. समग्र शिक्षा ह्या सरकारी शाळा योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून येतात, ते शाळेपुरते, बारावीपर्यंत. आयटीआय शाळा खात्यात नाहीच, ते व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे म्हणजे डीव्हीईटीकडे येतं, त्यामुळे शाळेत तुमच्या मुलाबद्दल जे काही लिहून ठेवलेलं असतं, कुठल्या बाजूने ऐकू येतं, किती वेळाने दमतो, कशाने चिडतो, ते सगळं शाळेच्या कपाटातच राहतं आणि ऑगस्टमध्ये शिल्प निदेशक म्हणजे आयटीआयतले शिकवणारे मुलाला पहिल्यांदा बघतात ते कोऱ्या पाटीने. निदेशक वाईट नसतात हो, बरेचसे चांगलेच असतात, पण वर्गात वीस-चोवीस पोरं, मशीन चालू, त्यात ह्याला काय लागतं हे त्यांनी ओळखायचं कसं?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १६ सांगतं की सरकारी किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यायची. कलम १९ तर थेट व्यवसाय प्रशिक्षणाबद्दलच आहे, दिव्यांगांना नेहमीच्या सगळ्या कौशल्य योजनांमध्ये सामावून घ्या म्हणून. कायदा आहे, पण तुमच्या पोराला नेमकी कुठली सोय लागते हे कायद्यात लिहिलेलं नाही, ते तुम्हीच सांगायचंय. दहावीच्या निकालाआधीच शाळेतल्या विशेष शिक्षकांना गाठा आणि एक पानभर लिहून घ्या: काय जमतं, काय जमत नाही, काय केलं की जमतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक तीच विसरतात.

सर्टिफिकेट जुनं आहे, कागदावरचं. चालेल का?

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र काढून घ्या, वाद नको. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतं, अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणीला जिल्हा रुग्णालयात जायचं, म्हणजे रत्नागिरी, अलिबाग नाहीतर ओरोस. तपासणीचे वार ठरलेले असतात, आधी फोन करून विचारा, मंडणगडहून पहाटेची एसटी धरून यायचं आणि "आज कानाचे डॉक्टर नाहीत" ऐकून परत जायचं हे फार वेळा बघितलंय. कार्डला पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका.

आरक्षण आणि बहुतेक सवलतींसाठी सर्टिफिकेटवर दिव्यांगत्वाचे ४० टक्के किंवा जास्त लागतात. सर्टिफिकेट तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत बघा, प्रवेशाच्या मधेच संपणारं असेल तर मे महिन्यातच रिन्यूचं बघा.

४० पेक्षा कमी आहे, म्हणजे काहीच नाही?

असं नाही. आरक्षण मिळणार नाही, पण वाजवी सोय ही टक्क्यांना बांधलेली नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये यूपीएससीच्या एका केसमध्ये हेच सांगितलं, लेखनिक म्हणजे परीक्षेत उत्तरं लिहून देणारा माणूस फक्त ४० टक्क्यांच्या वरच्यांनाच हे चालणार नाही म्हणून, आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० च्या खालच्या पण लिहायला त्रास होणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

टक्के जास्त आहेत म्हणून ट्रेड नाकारू शकतात का?

नुसत्या टक्क्यांवरून नाकारणं बरोबर नाही. आयटीआयच्या प्रत्येक ट्रेडचा म्हणजे व्यवसायाचा अभ्यासक्रम भारत स्किल्सच्या साइटवर पीडीएफमध्ये आहे, त्यात सुरुवातीच्या माहितीच्या तक्त्यात दिव्यांग पात्रतेची एक ओळ असते, एलडी म्हणजे हातापायाचं, एलव्ही म्हणजे कमी दिसणं, एचएच कमी ऐकू येणं, एसएलडी म्हणजे वाचन-लेखन-गणिताची अडचण, असे कोड. जायच्या आधी तेवढं पान प्रिंट काढून न्या. काउंटरवर "ह्यांना हा ट्रेड मिळत नाही" असं जे तोंडी सांगतात ते बऱ्याचदा अंदाजाने सांगतात, ते पान समोर ठेवलं की बोलणं बदलतं.

एमबीबीएसच्या प्रवेशाबद्दल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की टक्के आहेत एवढ्यावरून अपात्र ठरवता येत नाही, तो कोर्स तो करू शकतो का हे तपासायचं. डॉक्टरकीला जे चालतं ते वायरमनला का चालू नये, तुम्हीच सांगा.

मग कुठला ट्रेड घ्यावा? बहिऱ्या मुलासाठी कुठला, पायाने अधू असेल तर कुठला?

हा प्रश्नच मला आवडत नाही, राग मानू नका. आपल्याकडे ठरलेलं असतं: पायाने अधू म्हणजे कॉम्प्युटर, बहिरा म्हणजे टेलरिंग, मतिमंद म्हणजे अगरबत्ती नाहीतर मेणबत्ती. पोराला काय आवडतं हे विचारतच नाही कोणी. आमच्याकडचा एक मुलगा, दोन्ही कानांनी ठार बहिरा, बापाची होडी आहे, इंजिनला हात लावून कुठला सिलेंडर मिस मारतोय ते सांगायचा, बापाला ऐकून कळायच्या आधी. त्याला घरच्यांनी टेलरिंगला घालायचं ठरवलं होतं. डिझेल मेकॅनिकला गेला शेवटी.

बघायचं काय तर ट्रेडमध्ये रोज हाताने काय काय करावं लागतं. फिटर म्हणजे फायलिंग, दिवसचे दिवस उभं राहून कानस घासणं, पायाला कॅलिपर म्हणजे आधाराच्या पट्ट्या लावणाऱ्या मुलाला हे उभं राहून जमणार नाही, पण लोखंड पकडून ठेवणाऱ्या व्हाइसची उंची कमी केली आणि स्टूल दिलं तर जमतं, मी बघितलंय. शिलाईला पायाची ताकद लागते असं वाटतं, पण मोटर बसवली आणि पायाचा कंट्रोल हाताशी घेतला की पायाचा संबंधच उरत नाही. वेल्डिंगला ठिणगी लागलेली कळली पाहिजे, त्यामुळे हाताला बधिरता असेल, कुष्ठरोग बरा झालेल्यांमध्ये असते, तर खरंच धोका आहे, तिथे मी नाहीच म्हणेन. कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर, कमी दिसणाऱ्या मुलांना चांगला, स्क्रीन मोठी करता येते आणि एनव्हीडीए नावाचं बोलणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठीही वाचतं, आवाज जरा यंत्रासारखा आहे पण आठवड्याभरात सवय होते.

आणि जवळ काय आहे तेही बघा. कुडाळकडच्या माणसाने काथ्या आणि काजूचं बघावं, देवगड-रत्नागिरीकडे आंबा प्रक्रिया, मालवण-दापोलीकडे होमस्टे आणि हॉटेलची कामं, हर्णै-मिरकरवाड्याकडे इंजिन, बर्फ, जाळी. कोर्स पुण्यात चांगला आहे म्हणून करायचा आणि इथे परत येऊन घरी बसायचं ह्यात काय अर्थ?

ठरवण्याआधी एकदा त्या वर्कशॉपमध्ये मुलाला घेऊन जा आणि उभं करा. आवाज, वास, तेल, गर्दी. ऑटिझम असलेल्या मुलाचं उत्तर तिथेच मिळतं, आपण तासभर चर्चा करून मिळत नाही.

कोणाला नीट तपासून सल्ला हवा असेल तर मुंबईत सायनला दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, जुने लोक त्याला व्हीआरसी म्हणतात, तिथे मुलाच्या क्षमतेची तपासणी करून कुठलं काम झेपेल ते सांगतात. कानाबद्दल असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था.

फॉर्म भरताना कुठे चुकतं?

फॉर्म डीव्हीईटीच्या प्रवेश पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. दिव्यांगचा रकाना भरला नाही तर आरक्षण गेलं, आणि सायबरवाला घाईत असतो, तो विचारत नाही, तुम्हीच सांगायचं. हे आरक्षण समांतर असतं म्हणजे तुमची जात-प्रवर्गाची जागा वेगळी आणि दिव्यांग हे त्याच्या जोडीला, दोन्ही भरा. मग आयटीआयमध्ये जाऊन मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करून घ्यायचा, हे राहिलं तर मेरिट लिस्टमध्ये नावच येत नाही. विकल्प भरताना एकच आयटीआय, एकच ट्रेड देऊन थांबू नका.

दहावी नापास आहे. आठवीवर काही?

वेल्डर, वायरमन, सुइंग टेक्नॉलॉजी असे काही ट्रेड आठवी पासवर आहेत, वय किमान १४. दहावीच करायची असेल तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा आहे, नोंदणी पाच वर्षं चालते आणि नऊ संधी असतात, एकेक विषय काढत बसता येतं. ज्यांना एका वेळी सहा पुस्तकं झेपत नाहीत त्यांच्यासाठी ह्याच्यासारखं दुसरं नाही.

"वाजवी सोय" मागायची म्हणजे नक्की काय करायचं?

लेखी अर्ज. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं निदेशकांची बदली झाली की संपलं. प्राचार्यांच्या नावे एक पान, दोन प्रती, एकीवर पोच शिक्का. आणि त्यात "योग्य ती मदत करावी ही नम्र विनंती" असलं काही लिहू नका, त्याने काहीच होत नाही, वाचणाऱ्याला करायचं काय हेच कळत नाही. असं लिहा:

"माझा मुलगा अमुक ट्रेडला आहे. त्याला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्याने कानाचं मशीन लावून ऐकू येतं. त्याकरता, एक, त्याला वर्गात पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसवावं म्हणजे उजवा कान शिकवणाऱ्याकडे राहील. दोन, बोलताना तोंड त्याच्याकडे असावं, फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याला कळत नाही. तीन, मशीन चालू असताना तोंडी सूचना देऊ नये, मशीन बंद करून किंवा लिहून द्यावी. चार, आग लागणे वगैरे धोक्याच्या वेळी त्याला खांद्याला हात लावून बाहेर काढण्याची जबाबदारी शेजारच्या एका मुलाला द्यावी. पाच, प्रात्यक्षिकाची कृती मोबाइलवर व्हिडिओ काढायला परवानगी असावी."

बघा, ह्यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. पाचपैकी चार तरी होतातच. ज्याला पैसे लागतात, रॅम्प, रेलिंग, शौचालय, ते वेगळ्या अर्जात मागा, नाहीतर "निधी नाही" म्हणून सगळाच अर्ज बाजूला पडतो. हे मी मुद्दाम सांगतेय, हा अनुभवाचा भाग आहे.

अर्जासोबत शाळेतून लिहून घेतलेलं ते एक पान जोडा. आणि दोन महिन्यांनी परत जाऊन विचारा, कारण पहिल्या महिन्यात जी सोय हवी वाटते ती नको असते आणि भलतीच काहीतरी हवी असते.

वर्कशॉपमध्ये काही झालं तर? भीती वाटते.

वाटणारच. पण घाबरून मुलाला नुसतं बघत बसवणं हे सगळ्यात वाईट, आणि हेच सर्रास होतं: "तू राहू दे, लागेल तुला, तू रजिस्टर लिही." दोन वर्षांनी पोरगा सर्टिफिकेट घेऊन बाहेर येतो आणि त्याने ड्रिल मशीन हातात धरलेलं नसतं. एका ठिकाणी मी विचारलं तर सांगितलं की आम्ही त्याला सांभाळून घेतो. अहो सांभाळून काय घ्यायचंय, शिकवा ना.

सेफ्टीचं उत्तर कामाप्रमाणे वेगळं असतं. बहिऱ्या मुलाला मशीन चालू आहे की बंद हे आवाजाने कळत नाही, म्हणून मशीनवर चालू असताना पेटणारा दिवा हवा, साधा इंडिकेटर लॅम्प, इलेक्ट्रिशियनच्याच वर्गातली पोरं बसवून देतात. कमी दिसणाऱ्याला कडांना पिवळी पट्टी, हत्यारांच्या जागा ठरलेल्या आणि मागे बोर्डवर त्यांचा आकार रंगवलेला. फिट्स येत असतील तर उंचावरचं काम आणि उघडं फिरतं मशीन नाही, आणि कुठल्या वेळी गोळी आहे हे निदेशकांना माहीत पाहिजे, लपवू नका, लग्नाचं वगैरे बघून लपवतात लोक, ते घरचं घरी ठेवा पण वर्कशॉपमध्ये नको.

काजूच्या कामाबद्दल वेगळं सांगते कारण आपल्याकडे "सोपं काम" म्हणून दिव्यांग मुलांना तिथेच पाठवतात. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, बोटं काळी पडतात, सालं निघतात. फोडणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावून बसतात. ज्याला "दुखतंय" हे सांगता येत नाही, किंवा दुखल्याचं कळतच नाही, त्याला फोडायला बसवू नका, हातमोजे घालून सुद्धा आधी चार दिवस लक्ष ठेवा. सोललेल्या गराची प्रतवारी, वजन, पॅकिंग ह्याला काही धोका नाही, आणि प्रतवारी ही काय कमी कौशल्याची गोष्ट नाही, अख्खा, पाकळी, तुकडा, करपलेला हे नजरेने वेगळं काढायचं, भाव त्याच्यावरच ठरतो.

बौद्धिक दिव्यांग मुलाला आयटीआय झेपेल का?

काहींना झेपतं, बऱ्याच जणांना लेखी भाग झेपत नाही. पण कोर्स म्हणजे आयटीआयच असं थोडंच आहे. दिव्यांगांच्या कार्यशाळा आहेत, केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या कौशल्य योजना आहेत, पीएम दक्ष पोर्टलवर त्यांची नोंदणी होते, जिल्ह्याच्या आरसेटीत म्हणजे बँकेच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचे फुकट कोर्स असतात, आणि घरचा धंदा असेल तर तो सगळ्यात चांगला कोर्स, फक्त शिकवायची पद्धत पाहिजे.

पद्धत म्हणजे कामाचे तुकडे. आमसुलं करायची आहेत समजा. आपण म्हणतो "रातांबे फोड आणि सालं वाळत घाल". हे एक वाक्य आहे पण त्यात किती कामं आहेत बघा: पिकलेला आणि कच्चा वेगळा करायचा, धुवायचा, पुसायचा, मधोमध कापायचा, बी आणि गर बोटाने काढून एका भांड्यात, साल दुसऱ्या भांड्यात, मग सालं उन्हात, मग त्या रसात मीठ, त्यात सालं बुडवायची, परत वाळवायची, आणि हे बुडवणं-वाळवणं किती वेळा झालं ते लक्षात ठेवायचं. ज्याला मोजता येत नाही तो इथेच अडकतो. आमच्याकडच्या एका मुलीच्या आईने काय केलं तर खिडकीत पाच शिंपले ठेवले, एकदा बुडवून झालं की मुलीने एक शिंपला उचलून डब्यात टाकायचा, खिडकी रिकामी झाली की झालं. हिला आजही पाच म्हणता येत नाहीत, पण आमसुलं तिची एकसारखी होतात, आईचीच कधी कधी चुकतात.

तुकडे पाडले की शेवटून शिकवायला सुरुवात करा. म्हणजे सगळं तुम्ही करा आणि शेवटचा तुकडा, भरलेल्या पिशवीवर स्टिकर लावणं, तो त्याला द्या. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्या दिवशी मिळतो. मग एकेक तुकडा मागे सरका. आणि पैसे द्या हो, थोडे का होईना पण हातात द्या, घरातलंच आहे म्हणून फुकट राबवू नका.

परीक्षेत लेखनिक मिळतो का? जास्त वेळ?

मिळतो. केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी ह्यांना मागितला की लेखनिक, बाकीच्यांना शल्यचिकित्सकांचं पत्र लागतं की लिहायला अडचण आहे. स्वतःचा लेखनिक नेत असाल तर चालतो का आणि त्याच्या शिक्षणाची अट काय हे आधी विचारून घ्या, नाहीतर ऐन वेळी गोंधळ होतो. आयटीआयची थिअरी आता कॉम्प्युटरवर असते, त्यामुळे लेखनिकाचं काम वाचून दाखवणं आणि सांगितलेल्या पर्यायावर क्लिक करणं, अर्ज परीक्षा फॉर्म भरतानाच द्या. वाचन-लेखन अडचणीचं म्हणजे एसएलडीचं सर्टिफिकेट दहावीला काढलेलं असेल तर ते टाकून देऊ नका, इथेही लागतं.

पावसाळ्यात जायचं कसं?

हा खरा कोकणचा प्रश्न. प्रवेश होतो ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसात, आणि आपल्याकडे अर्ध्या इमारती चढावर, चिऱ्याच्या पायऱ्या, त्यावर शेवाळ. काठी आणि कॅलिपरवाल्या मुलांचे पाय पहिल्या आठवड्यातच घसरतात आणि मग तो परत जातच नाही. पायऱ्या ब्लीचिंग पावडरने घासून घ्या म्हणून सांगा, ह्याला कुठल्या मंजुरीची गरज नाही, आणि काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल तर शंभर रुपयांच्या आत नवीन येतं, ते बदला आधी. कॅलिपरच्या सांध्यांना गंज चढतो आपल्या हवेत, आठवड्याला पुसून तेलाचा थेंब. कानाच्या मशीनला तर दमट हवा म्हणजे शत्रूच, रात्री बॅटरी काढून मशीन सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. पावसाळ्यात "मशीन बिघडलं" म्हणून येतात त्यातली बरीच नुसती दमट झालेली असतात.

एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातून साहित्य मागता येतं, ग्रामसभेत उठून विचारा की गेल्या वर्षीचे कुठे गेले. हजेरी ८० टक्के लागते परीक्षेला बसायला, त्यामुळे थेरपी किंवा दवाखान्याच्या तारखा आधीच लेखी कळवा.

मुलगी आहे. लांब पाठवायचं म्हणजे…

पाठवा. हॉस्टेल बघताना शौचालय आतून बघा, कडी आतून लागते का, रात्री दिवा असतो का, वॉर्डन कोण. बहिऱ्या मुलीला व्हिडिओ कॉल करता येईल एवढी रेंज आहे का तेही. घरी बसवून सुरक्षित राहते हा गैरसमज आहे.

संस्थेने नाहीच म्हटलं तर कुठे जायचं?

आधी लेखी नकार मागा, निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. मग डीव्हीईटीचं जिल्हा कार्यालय, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, आणि तरी नाही झालं तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्त, साध्या कागदावर तक्रार चालते, वकील लागत नाही. दिव्यांग हक्क कायदा मोडला तर त्याच्या कलम ८९ प्रमाणे पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. पण मी म्हणेन की हे शेवटचं हत्यार. त्याच निदेशकाकडे दोन वर्षं शिकायचंय पोराला.

कोर्स झाला. नोकरी?

आधी अ‍ॅप्रेंटिसशिप करा, एसटीच्या कार्यशाळा आणि महावितरण आयटीआयवाल्यांना घेतात, अ‍ॅप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करायची. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत: अंध-अल्पदृष्टी एक, कर्णबधिर एक, अस्थिव्यंग वगैरे एक, आणि ऑटिझम, बौद्धिक, एसएलडी, मानसिक आजार, बहुदिव्यांग मिळून एक. पण त्याचीच वाट बघत पस्तिशी गाठलेली पोरं आहेत आपल्याकडे, तेव्हा हाताला काम असू दे आणि फॉर्म भरत राहा.

स्वतःचं काही करायचं असेल तर पीएमईजीपी ही छोट्या धंद्यासाठीची केंद्राची योजना बघा, दिव्यांगांना खेडेगावात प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. मोठ्या रकमेला आठवी पासची अट आहे. बँकेत एकटं जाऊ नका, कागद घेऊन जा आणि काय विकणार, कोणाला विकणार हे आकड्यात सांगता आलं पाहिजे, "काजूचा धंदा करणार" एवढ्यावर मॅनेजर मान हलवतो फक्त.

मुलगा १८ चा झाला, बँकेत माझी सही चालत नाही म्हणतात

बरोबरच म्हणतात. अठरा झाले की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व ह्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळतं. स्टायपेंड त्याच्याच खात्यात येणार असतो त्यामुळे हे कोर्सच्या आधी करा, नंतर पैसे अडकतात. त्याच न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात येतो, आणि ही काढलेले लोक मला आपल्याकडे फार कमी दिसतात.

कागद किती प्रती न्यायच्या?

यूडीआयडी, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा, उत्पन्नाचा, डोमिसाइल आणि तो अर्ज, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स, मूळ कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग फाइलमध्ये, कारण छत्री असली तरी आपला पाऊस आडवाच येतो. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या अजून एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.